फासाचा दोर आणि न सांगितलेले नियम

२००७ साली स्कॉटलंडमध्ये स्वातंत्र्यवादी स्कॉटिश नॅशनल पार्टीचे सरकार येताच माध्यमांनी त्याला पाण्यात पाहिले, हे आपले म्हणणे मला अर्धेच पटते. मतदानाच्या दिवशी 'द सन'च्या स्कॉटिश आवृत्तीने पहिल्या पानावर फासाचा दोर छापला होता (या पक्षाला मत म्हणजे स्कॉटलंडच्या गळ्यात फास, असा त्याचा अर्थ) हे खरे. पण स्कॉटिश संसदेतल्या १२९ पैकी अवघ्या ४७ जागांवर उभे असलेले पक्षनेते अॅलेक्स सॅमंड यांचे सरकार तरीही तगले आणि २०११ मध्ये याच वृत्तपत्राने त्यांची पाठराखण केली. (वारा पाहून सूप धरणारे सगळीकडेच असतात.)

मला बीबीसीची बेफिकिरी अधिक गंभीर वाटते. बीबीसीवर देखरेख करणाऱ्या तेव्हाच्या बीबीसी ट्रस्टने ब्रिटनच्या चारही घटक देशांच्या वार्तांकनाविषयी करवून घेतलेल्या २००८ च्या किंग अहवालासाठी कार्डिफ विद्यापीठाने केलेल्या पाहणीत आरोग्य व शिक्षणविषयक १३६ पैकी १३६ बातम्या एकट्या इंग्लंडच्या निघाल्या. हे दोन्ही विषय स्कॉटलंडमध्ये तिथल्याच सरकारच्या अखत्यारीत होते. एकीकडे तिथे औषधचिठ्ठीवरचे शुल्क टप्प्याटप्प्याने रद्द होत होते, तर दुसरीकडे लंडनहून येणाऱ्या बातम्यांत ग्लासगोचा प्रेक्षक इंग्लंडमधल्या रुग्णालयांविषयी ऐकत होता, आणि त्यातले निर्णय आपल्याला लागू नाहीत हे निवेदक बरेचदा सांगतही नसे. यात द्वेष नव्हता. नव्या सरकारच्या हाती काय आहे, हेच लंडनच्या वृत्तकक्षाच्या अंगवळणी पडले नव्हते.