बंड्याला कुशिंग्ज असावं म्हणतात. तपासण्या आणि औषधाचा खर्च कसा बसवायचा?

अवनी_कर्वेनगर

नमस्कार मंडळी. आमचा बंड्या बीगल आहे, अकरावं चालू आहे, वजन १४ किलो. संक्रांतीपासून तो पाणी पितोय ते पितोयच. बाबांनी शेवटी दुधाचं माप काढून मोजलं, तर दिवसाला दोन लिटरच्या घरात जातंय. रात्री दोन-तीनदा दार खरवडतो. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही आणि बाबांचे गुडघे दुखतात. पोट टरटरून खाली आलंय, पण पाठीवर हात फिरवला तर मणके लागतात. शेपटीचे केस गेलेत. पंख्याखाली स्वस्थ बसलेला असतानाही धापा टाकतो. भूक तर अशी की कचऱ्याच्या डब्याचं झाकण उघडायला शिकलाय.

रक्तात एएलपी (लिव्हरच्या तपासणीत बघतात ते एन्झाइम) खूप वाढलेलं आलं. शुगर नॉर्मल. लघवीत इन्फेक्शन होतं, त्याचा कोर्स झाला, तरी पाणी कमी नाही. डॉक्टर म्हणतात कुशिंग्जची दाट शक्यता आहे, म्हणजे कॉर्टिसॉल हे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड हार्मोन फार तयार होतं तो आजार. आधी निदानासाठी आठ तासांची डेक्सामेथासोन टेस्ट, मग पोटाची सोनोग्राफी आणि नंतर कॉर्टिसॉल कमी करणाऱ्या ट्रायलोस्टेनच्या कॅप्सूल आयुष्यभर.

घरात कमावती मी एकटी, बाबांची पेन्शन लहान. सगळं धरून महिन्याला पाच-सहा हजार बाजूला काढू शकते, त्याहून जास्त नाही जमणार. टेस्ट न करता सरळ औषध सुरू केलं तर चालेल का? मोठी कॅप्सूल आणून अर्धी-अर्धी देता येते का? काका म्हणाले, "म्हातारं कुत्रं, कशाला पैसे ओततेस?" तो सल्ला सोडून बाकी काहीही सांगा.

पाषाणकर

अवनी, वाचून कसंसंच झालं. किडनी आणि थायरॉइड बघून घेतलंय ना? पाण्याचा साधा हिशेब असा की किलोमागे दिवसाला १०० मिलीच्या वर गेलं तर ते जास्त. बंड्याचं १४०० च्या वर म्हणजे जास्तच. एक मात्र कर, पाणी तोडू नकोस. आमच्या शेजारी रात्रीचं भांडं उचलून ठेवायचे, तो कुत्रा बाथरूमची फरशी चाटायला लागला.

छकुलीची_आजी

अवनी बाळ, मी सिंहगड रोडला राहते. आमच्या छकुलीला, पामेरियन होती, कुशिंग्ज होतं. औषधावर ती छान जगली आणि गेली ती हृदयाच्या दुखण्याने. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी घरात बंड्याची जुनी फाईल काढ आणि बघ, त्याला खाजेसाठी प्रेडनिसोलोनच्या गोळ्या, इंजेक्शनं, कानाचे थेंब किंवा आपल्याच कपाटातलं बीटामेथासोनचं मलम कधी आणि किती दिवस दिलं गेलंय. आपल्याकडे पावसाळ्यात खाज सुटली की स्टेरॉइड सर्रास दिलं जातं. बाहेरून आलेल्या स्टेरॉइडनेही हुबेहूब हेच होतं: पाणी, पोट, केस, एएलपी, सगळं. पण त्याचा इलाज उलटा आहे, ते स्टेरॉइड डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करायचं. एकदम बंदही करायचं नाही आणि ट्रायलोस्टेन तर द्यायचंच नाही, कारण अशा कुत्र्याच्या स्वतःच्या, किडनीजवळच्या कॉर्टिसॉल बनवणाऱ्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी आधीच झोपलेल्या असतात. हा फरक आठ तासांच्या टेस्टने कळत नाही, एसीटीएच टेस्टने (इंजेक्शन देऊन त्या ग्रंथी किती कॉर्टिसॉल बनवतात ते बघतात) कळतो. म्हणजे कुठल्या टेस्टवर पैसे घालायचे हे फाईल बघून ठरतं.

टेस्ट न करता औषध? नाही गं. पैसे कमी आहेत म्हणूनच नाही. कॅप्सूलचा खर्च डोळ्यांत भरतो, म्हणून लोक तपासण्या गाळतात, आणि मग कॉर्टिसॉल फार खाली गेलं की एका रात्रीत सलाईन आणि ॲडमिशन. त्या बिलात कितीतरी महिन्यांचं औषध आलं असतं.

आठ तासांच्या टेस्टमध्ये सकाळी रक्त घेतात, छोटं इंजेक्शन देतात, मग चार तासांनी आणि आठ तासांनी पुन्हा रक्त. मी छकुलीचं अंथरूण आणि तिचं पाण्याचं भांडं घेऊन गेले होते. घाबरलेल्या कुत्र्याचं कॉर्टिसॉल तसंही चढतं, म्हणून भुंकाभुंकीच्या खोलीत पिंजऱ्यात ठेवू नका, मी सोबत बसते, असं आधीच फोनवर ठरवलं. दुसरा काही आजार जोरात असेल तर टेस्ट पुढे ढकलतात. लघवीचं इन्फेक्शन खरंच गेलंय का, तेही बघून घे.

सोनोग्राफी गाळायची नाही. ज्यांना आपोआप कुशिंग्ज होतं त्यांतल्या ८० ते ८५ टक्के कुत्र्यांत मूळ मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीत असतं, बाकीच्यांत अ‍ॅड्रिनलवर गाठ असते. गाठ निघाली तर ऑपरेशनचाही विचार होतो.

आता कॅप्सूल. घरी उघडून अर्धी करायची नाही. डोस नीट येत नाही आणि ती पूड हाताला, नाकाला लागणं चांगलं नाही, घरात गरोदर बाई असेल तर तिने हातही लावू नये. १०, ३०, ६० मिलिग्रॅम अशा वेगवेगळ्या ताकदीच्या येतात. बरेच डॉक्टर हल्ली किलोला एक मिलिग्रॅमच्या आसपास, दिवसातून दोनदा, असं कमी डोसने सुरू करतात. डॉक्टरांना सरळ विचार, "माझं बजेट एवढं आहे, कुठल्या ताकदीत बसेल?" मी तसंच विचारलं होतं, त्यांना अजिबात राग आला नाही. औषध कुठून येतंय, एक्स्पायरी काय, बिल मिळतं का, हे तीन-चार ठिकाणी विचार. बिलाशिवाय 'स्वस्तात आणून देतो' म्हणणाऱ्याकडून घेऊ नकोस.

गोळी कायम जेवणाबरोबर. मी भातात उकडलेल्या चिकनचे चार तुकडे घालायचे, तूप-साय काही नाही, कारण या कुत्र्यांना स्वादुपिंडाचा त्रास लवकर होतो. पहिली तपासणी दहा ते चौदा दिवसांनी, मग महिन्याने, मग तीन महिन्यांनी. या तपासण्यांना लागणारं एसीटीएचचं इंजेक्शन महाग आणि सहज मिळत नाही. कुत्रा स्थिर असेल तर काही डॉक्टर गोळीच्या आधीचं नुसतं कॉर्टिसॉल बघून काम चालवतात. तुझ्या डॉक्टरांना चालतंय का, हे जरूर विचार. माझा बराच खर्च तिथे वाचला.

वारजेचा_संदेश

आजींनी बहुतेक सगळं सांगितलंच. विमा आता काढून फायदा नाही, आधीपासूनचा आजार धरत नाहीत. औंधला सरकारी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आहे, साध्या तपासण्यांची तिथे चौकशी करा. हार्मोनच्या टेस्ट होतात का ते आधी विचारून मगच बंड्याला रिक्षात घाला. ताई, एक विचारू? रात्री बंड्याला जिन्यावरून कोण नेतं? गॅलरीत जुन्या ट्रेमध्ये कृत्रिम गवत टाकून शिकवता येतं, म्हातारी कुत्रीही शिकतात. बाबांचे गुडघे वाचतील.

अवनी_कर्वेनगर

आजी, फाईल काढली. गेल्या दोन पावसाळ्यांत आधीच्या दवाखान्यात 'खाजेच्या गोळ्या' लिहून दिल्यात, अक्षर लागत नाही. कानाचे थेंब गणपतीपर्यंत चालू होते, त्या बाटलीवर डेक्सामेथासोन, म्हणजे स्टेरॉइडच, लिहिलंय. आताच्या डॉक्टरांना हे कुणी सांगितलंच नव्हतं, त्यांनी विचारलंही नव्हतं. आता फोन केला तर म्हणाले, थेंब बंद होऊन बरेच महिने झालेत, त्यामुळे तेच कारण असेल असं वाटत नाही, पण गोळ्यांचं नाव कळू दे, मग आधी एसीटीएच करायची का ते ठरवू. शनिवारी फाईल घेऊन जाते.

संदेशदादा, ट्रेचं आजच बाबांना सांगितलं. ते लगेच जुना कुलरचा ट्रे शोधायला माळ्यावर चढले, म्हणजे गुडघ्यांचं काय ते बघाच.

छकुलीची_आजी

त्यांना आधी खाली उतरव! आणि शनिवारी थेंबांची बाटलीही घेऊन जा. नुसतं नाव सांगू नकोस, लेबल दाखव.

पुढे गोळी सुरू झालीच तर एक गोष्ट फ्रिजवर लिहून लाव, बाबांनाही दिसेल अशी: खाणं सोडलं, उलटी-जुलाब झाले, अंग टाकलं, तर पुढची कॅप्सूल द्यायची नाही आणि लगेच डॉक्टरांना फोन. ज्या बंड्याने कचऱ्याचा डबा सोडला नाही त्याने जेवण सोडलं तर सकाळची वाट बघायची नसते. रात्री कुठला दवाखाना उघडा असतो ते आत्ताच शोधून ठेव. पाणी साधारण दोन-तीन आठवड्यांत कमी व्हायला लागतं, केस यायला महिने जातात, तेव्हा शेपटीकडे बघून औषध लागू पडत नाही असं ठरवू नकोस. बाबांचं ते दुधाचं माप चालू ठेव, तारीख घालून वहीत लिही. पुढच्या वेळी डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतील.