भाज्या ओव्हनमध्ये शिजतात, पण भाजत का नाहीत?

प्रश्न
तोंडीलावणं म्हणून महिनाभरात चार वेळा भाज्या भाजून बघितल्या. फ्लॉवर, गाजर, ढोबळी मिरची, कांदा. दर वेळी तेच! रंग फिकट, सगळं ओलसर, ट्रेच्या कडेला पाणी साचलेलं. काल फ्लॉवरचा तुरा काट्याने उचलला तर देठापासून सुटून पडला, आणि त्याच ट्रेमधलं गाजर मधोमध कडक. १८० अंशांवर ४० मिनिटं ठेवलं होतं. धुऊन, चिरून, तेल-मीठ लावून अर्धा तास मुरवलंही होतं. किलोभर भाजी एका ट्रेमध्ये मावते, म्हणून एकदमच घातली. मला कडेने खरपूस, आतून गोडसर भाज्या हव्यात. कुठे चुकतंय?

प्रतिसाद १
ते साचलेलं पाणीच सगळं सांगतंय. पाणी १०० अंशांना उकळतं. फोडीच्या अंगावर ओल आहे तोवर तिथलं तापमान त्याच्या फारसं वर जात नाही, आणि खरपूस रंग धरायला साधारण १४० अंश तरी लागतात. त्यामुळे ओली भाजी ओव्हनमध्येही वाफवलीच जाते.

मीठ लावून मुरवणं आधी बंद करा. मीठ भाजीतलं पाणी बाहेर ओढतं. ट्रे आत सरकवायच्या अगदी आधी लावा. धुतलेल्या भाज्या फडक्यावर पसरून नीट टिपून घ्या. फ्लॉवरच्या तुऱ्यांत पाणी लपून बसतं, तिथे घाई करू नका. किलोभर भाजी दोन ट्रेमध्ये विभागा. दोन फोडींमध्ये बोटभर जागा हवी, नाहीतर एकीची वाफ दुसरीला भिजवते. (माझी कितीतरी वर्षं याच एका चुकीत गेली.) अर्ध्या किलोला दीड-दोन मोठे चमचे तेल, हाताने चोळून. ओव्हन २२० वर. पंखा चालू असेल तर २००.

आणि रिकामा ट्रे ओव्हनबरोबरच तापवा. फोडी टाकताच चर्र आवाज आला पाहिजे. कापलेली बाजू खाली ठेवा आणि पहिली २० मिनिटं अजिबात हलवू नका. रंग धरला की फोड आपणहून सुटते. चिकटून बसली असेल तर अजून वेळ आहे.

प्रतिसाद २
गाजर कडक राहिलं कारण सगळ्यांना एकच वेळ दिलात. गाजराला ३५ मिनिटांच्या आसपास लागतात, फ्लॉवरला २५, ढोबळी मिरचीला २०. गाजर आधी घाला, बाकीचं मागून. किंवा गाजर बारीक चिरा आणि तुरे मोठे ठेवा. लसूण घालणार असाल तर शेवटच्या पाच-सात मिनिटांत, करपला की कडवट लागतो. लिंबू बाहेर काढल्यावरच पिळा.

प्रश्नकर्ती
आज करून बघितलं. दोन ट्रे, मीठ शेवटी, गाजर दहा मिनिटं आधी. चर्र आवाज आला तेव्हाच जीव भांड्यात पडला! तुऱ्यांची टोकं तपकिरी, कुरकुरीत झाली आणि गाजर इतकं गोड की मी साखर घातली का, असं घरात विचारलं. फक्त खालच्या कप्प्यातला ट्रे थोडा फिकट राहिला.

प्रतिसाद १
फोडी उलटताना दोन्ही ट्रेंची अदलाबदल करा, वरचा खाली आणि खालचा वर. तरी फिकट वाटला तर त्याला एकट्याला पाच मिनिटं जास्त द्या.