सोरोरिटीतला गुणगौरव: तुमच्या चॅप्टरमध्ये कौतुक कोणाचे होत असे आणि कसे? (अनुभव धागा)

अमेरिकेत शिकलेल्या अनेक मराठी मुली कॉलेजच्या सोरोरिटीत, म्हणजे विद्यार्थिनींच्या संघटनेत, राहिल्या आहेत, पण त्याविषयी मराठीत जे काही लिहिले जाते ते बहुधा पालकांच्या काळजीच्या सुरात असते: फी किती, पार्ट्या किती आणि अभ्यासाचे काय. या धाग्याचा विषय त्याहून मर्यादित आहे. चॅप्टरने (म्हणजे सोरोरिटीच्या एका कॅम्पसवरील शाखेने) किंवा चॅप्टरमधील एखादीने काही चांगले केले, तर त्याची दखल तुमच्याकडे कशी घेतली जात असे, ती योग्य व्यक्तीपर्यंत पोहोचत असे का, आणि कोणती रीत तुम्हाला खरोखर पटली, एवढेच येथे लिहावे अशी विनंती आहे.

ज्यांना या जगाची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देते. नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्स ही जुन्या मोठ्या सोरोरिट्यांची शिखर संस्था १९०२ मध्ये स्थापन झाली आणि तिच्यात वीसहून अधिक सोरोरिट्या आहेत. कृष्णवर्णीय विद्यार्थिनींनी उभारलेल्या चार प्रमुख सोरोरिट्यांची परंपरा स्वतंत्र आहे. त्यांपैकी सर्वांत जुनी अल्फा कॅप्पा अल्फा १९०८ मध्ये हॉवर्ड विद्यापीठात सुरू झाली. आपल्या मुलींच्या अधिक ओळखीच्या असलेल्या तीन दक्षिण आशियाई सोरोरिट्या, म्हणजे डेल्टा फाय ओमेगा, कॅप्पा फाय गॅमा आणि सिग्मा सिग्मा ऱ्हो, १९९८ या एकाच वर्षी अनुक्रमे ह्यूस्टन, ऑस्टिन आणि न्यूयॉर्क येथे जन्माला आल्या. दोन पथ्ये मात्र पाळावीत. तक्रार लिहिताना सोरोरिटीचे किंवा विद्यापीठाचे नाव घेऊ नये, आणि गुप्त विधींविषयी काहीही लिहू नये. शपथ घेतली आहे, ती पाळू या.

ओहायो, माजी स्कॉलरशिप चेअर (चॅप्टरमधील अभ्यासाची जबाबदारी पाहणारी)

आमच्याकडे प्रत्येक सेमिस्टर संपल्यावर विद्यापीठाचे कार्यालय सर्व चॅप्टरांचा सरासरी जीपीए (चारपैकी मोजले जाणारे सरासरी गुण) जाहीर करत असे. त्या तक्त्यात सर्व सोरोरिट्यांची मिळून सरासरी आणि विद्यापीठातील एकूण विद्यार्थिनींची सरासरी अशा दोन वेगळ्या ओळी असत, आणि आपला चॅप्टर त्या ओळींच्या वर आहे की खाली, हे पाहण्यासाठी ज्या मुली एरवी अभ्यासाचा विषय निघताच खोलीबाहेर जात त्यासुद्धा माझ्या लॅपटॉपभोवती गोळा होत. चॅप्टरच्या कौतुकाची ही सर्वांत सोपी पद्धत आहे, कारण आकडा आयता मिळतो.

व्यक्तीच्या कौतुकाचे तसे नाही. आमच्याकडे 'स्टेक अँड बीन्स' ही अनेक ठिकाणी चालत आलेली मेजवानी होत असे. चांगला जीपीए मिळवणाऱ्यांच्या ताटात स्टेक आणि बाकीच्यांच्या ताटात बीन्स. मी शाकाहारी. पहिल्या पाचांत येऊनही माझ्यापुढे बीन्सच आले, आणि शेजारच्या टेबलावरच्या मुलींनी आपल्यात एक भर पडली म्हणून माझे मनापासून स्वागत केले. विनोद बाजूला ठेवला तरी ती पद्धत मला बोचत असे, कारण कोणाचे गुण कमी आहेत हे ताटाकडे पाहून सगळ्यांना कळत होते. विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक नोंदींच्या गोपनीयतेचा संघीय कायदा १९७४ पासून आहे. चॅप्टरला सदस्यांचे गुण कळतात ते सदस्यांनी संमतीपत्रावर सही केलेली असते म्हणून, आणि ती संमती ताटातून जाहिरात करण्यासाठी दिलेली नसते.

माझ्याकडे काम आल्यावर मेजवानी ठेवली, पण सर्वांचे जेवण एकच केले आणि सर्वोच्च गुणांबरोबर मागच्या सेमिस्टरपेक्षा झालेल्या सुधारणेलाही मान दिला. वाचून दाखवण्याआधी प्रत्येकीला विचारत असे. एका मुलीने सांगितले की आकडा सांगू नकोस, फक्त 'ऑरगॅनिक केमिस्ट्री दुसऱ्यांदा घेतली आणि पार केली' एवढेच वाच. ते वाक्य वाचल्यावर जेवढ्या चुटक्या वाजल्या (आमच्याकडे मीटिंगमध्ये टाळ्यांऐवजी चुटक्या वाजवतात) तेवढ्या पूर्ण चार गुण मिळवणारीलाही मिळाल्या नाहीत.

इंडियाना, माजी अध्यक्षा

चॅप्टरला मिळणाऱ्या पुरस्कारांविषयी लिहिते, कारण त्यामागचे कामकाज बाहेरच्यांना दिसत नाही. वसंत सेमिस्टरच्या अखेरीस विद्यापीठाचा पुरस्कार समारंभ असतो, आणि सोरोरिटीच्या राष्ट्रीय संस्थेचे पुरस्कार बहुधा दोन वर्षांनी भरणाऱ्या अधिवेशनात दिले जातात. दोन्हींसाठी चॅप्टरला स्वतः अर्ज करावा लागतो. त्यात समाजसेवेचे तास, जमवलेला निधी, नवीन सदस्यांपैकी किती टिकल्या, कोणत्या कार्यशाळा घेतल्या, अशा प्रत्येक गोष्टीचा पुरावा जोडायचा असतो. जुन्या काळी त्याच्या जाडजूड फायली होत, आता तीच सामग्री अपलोड करतात.

माझ्या कारकिर्दीच्या आधीच्या वर्षी आम्हाला उत्कृष्ट चॅप्टरचा पुरस्कार मिळाला. त्या वर्षी सोरोरिटीच्या घरात, जेथे आम्ही एकत्र राहत होतो, दोन तट पडले होते, आणि एका तटातील मुली दुसऱ्या तटातील मुलींशी स्वयंपाकघरातसुद्धा बोलत नव्हत्या. पण अर्ज लिहिणारी मुलगी पत्रकारितेची विद्यार्थिनी होती, तिने ऑगस्टपासून प्रत्येक कार्यक्रमाची तारीख, उपस्थिती आणि छायाचित्र एका तक्त्यात जपले होते, आणि तिने लिहिलेला अर्ज वाचून परीक्षकांनी आमच्या चॅप्टरविषयी जे मत बनवले ते मलाही खरे वाटू लागले. पुढच्या वर्षी आमच्यातली धुसफूस मिटली, काम दुप्पट झाले, आणि पुरस्कार एकही नाही, कारण ती पदवीधर होऊन गेली होती आणि नोंदी कोणीच ठेवल्या नव्हत्या.

यावरून पुरस्कार पोकळ असतात असे काही जणी म्हणतील. मी म्हणत नाही. ज्या चॅप्टरमध्ये कोणीतरी वर्षभर नोंदी ठेवते, तेथे निदान एक मुलगी तरी सर्वांच्या कामाकडे लक्ष देत असते, आणि परीक्षक नकळत त्याच लक्ष देण्याला गुण देत असतात. माझी हरकत एवढीच आहे की चषकाबरोबर काढलेल्या छायाचित्रात मध्यभागी अध्यक्षा उभी होती आणि अर्ज लिहिणारी फोटो काढत होती. अध्यक्षेच्या पिनला, म्हणजे सोरोरिटीच्या बिल्ल्याला, छोटी हातोडी लोंबकळत असते, खजिनदार आणि सचिवांनाही आपापली चिन्हे असतात. नोंदी ठेवणारीला काहीच नाही.

मिशिगन, सध्या चौथ्या वर्षात

वरच्या प्रतिसादाशी सहमत आहे, पण माझा अनुभव नेमका उलट्या बाजूचा आहे. आमच्याकडे सर्व काही मोजले जाते. मीटिंगला आलात तर गुण, निधी-संकलनाच्या कार्यक्रमात उभ्या राहिलात तर गुण, दुसऱ्या चॅप्टरच्या कार्यक्रमाला गेलात तरी गुण. ठरावीक गुण नसतील तर फॉर्मलचे (सोरोरिटीच्या औपचारिक नृत्यसमारंभाचे) तिकीट नाही आणि 'महिन्याची सिस्टर' होण्याचा प्रश्नच नाही. मी आठवड्यातील चार संध्याकाळी कॅम्पसवरच्या डायनिंग हॉलमध्ये काम करते, कारण सोरोरिटीची फी मी स्वतः भरते. ज्या कामामुळे मी सदस्य राहू शकते त्याच कामामुळे माझे गुण कमी पडत होते. कार्यकारिणीतील एकीने हा मुद्दा मांडला, त्यावर दोन मीटिंगा वाद झाला, आणि आता नोकरीच्या तासांसाठी गैरहजेरी माफ आहे. माफ आहे, म्हणजे गुण कापले जात नाहीत, मिळतही नाहीत.

न्यू जर्सी, सदस्याची आई

मी स्वतः पुण्यात शिकले, त्यामुळे सोरोरिटीविषयी मला मुलीकडूनच कळले आणि सुरुवातीला मी विरोधात होते. आमच्या महाराष्ट्र मंडळात दरवर्षी गुणवंत मुलांचा सत्कार होतो, तोही मला ठाऊक आहे: एसएटीचे गुण, कॉलेजचे नाव, गुलाबाचे फूल, फोटो, पुढचे नाव. माझ्या मुलीचाही झाला होता.

तिच्या सोरोरिटीने पालकांसाठी ठेवलेल्या शनिवार-रविवारी मी गेले, तेव्हा पदवीधर होणाऱ्या प्रत्येक मुलीविषयी तिच्या 'लिटल'ने, म्हणजे तिच्या हाताखाली आलेल्या धाकट्या सदस्याने, दोन मिनिटे बोलायचे होते. माझ्या मुलीविषयी जे सांगितले गेले त्यात गुण किंवा पद यांचा उल्लेखही नव्हता. फ्लूच्या साथीत घरातल्या आजारी मुलींच्या दारांबाहेर ही रोज सकाळी मुगाच्या खिचडीचे डबे ठेवत होती, आणि झाकणावर चिकटपट्टीने कोणाच्या डब्यात शेंगदाणे नाहीत ते लिहीत होती, असे त्या मुलीने सांगितले. घरी ताट उचलून ठेवायला तिला तीनदा सांगावे लागत असे, हे मी तेथे कोणाला सांगितले नाही.

*धागाकर्ती:* दक्षिण आशियाई सोरोरिट्यांमधील कोणी असल्यास अवश्य लिहावे, तेथील रीती बऱ्याच निराळ्या आहेत.

टेक्सास, दक्षिण आशियाई सोरोरिटीतील माजी सदस्य

निराळ्या आहेत हे खरे, आणि त्याचे मुख्य कारण संख्या. मोठ्या जुन्या सोरोरिट्यांच्या चॅप्टरमध्ये शंभराहून अधिक मुली असू शकतात. आमच्याकडे दहा-बारा जणी असल्या तरी भरभराट मानली जाई. एवढ्याशा चॅप्टरमध्ये 'महिन्याची सिस्टर' निवडली तर वर्षभरात प्रत्येकीची पाळी येते, मग त्याला अर्थ राहत नाही. त्यामुळे आमच्याकडे गौरव बहुतेक वेळा व्यक्तीचा नसून लाइनचा, म्हणजे एकत्र प्रवेश घेतलेल्या तुकडीचा होत असे. नव्या लाइनची कॅम्पसला ओळख करून देण्याचा कार्यक्रम हाच मोठा सन्मान. त्यात त्या मुली सोरोरिटीचा इतिहास पाठ म्हणून दाखवतात, आणि शेजारच्या शहरांतील चॅप्टरांच्या मुली गाड्या हाकून येतात.

मी ज्या लाइनमध्ये होते ती आमच्या कॅम्पसवरची पहिली. सुरुवातीला अशा गटाला पूर्ण चॅप्टरचा दर्जा नसतो. सदस्यसंख्या, सरासरी गुण, समाजसेवा आणि हिशेब यांच्या अटी पूर्ण केल्यावरच सनद मिळते आणि ग्रीक अक्षराचे नाव मिळते. आम्हाला ते मिळायला अपेक्षेपेक्षा जास्त काळ लागला, आणि मधल्या काळात आमच्यातल्या दोघी शिक्षण संपवून निघून गेल्या. सनदेवर नावे कोणाची घालायची हा प्रश्न आला तेव्हा नियमाप्रमाणे त्या दिवशी विद्यार्थिनी असलेल्यांचीच घालता येतील असे आम्हाला सांगण्यात आले. आम्ही पत्र लिहिले, सुरुवातीच्या पहिल्या मीटिंगांचे कार्यवृत्त जोडले, त्यात त्या दोघींच्या सह्या होत्या. शेवटी त्यांची नावे आली. त्यांपैकी एक आता सिअॅटलमध्ये आहे; तिने सनदेची प्रत पाहिल्यावर फोनवर पहिली विचारणा केली ती तिच्या आडनावाचे स्पेलिंग कोणी चुकवले याची.

जॉर्जिया, माजी खजिनदार

खजिनदाराचे कौतुक होत नाही, कारण खजिनदाराचे काम नीट झाले की कोणाला काही कळतच नाही. आमच्या घरात एक पेटी होती. आठवडाभर कोणीही कोणाविषयी चांगले लिहून चिठ्ठी टाकायची आणि सोमवारच्या मीटिंगच्या शेवटी त्या वाचायच्या. त्यातल्या बहुतेक चिठ्ठ्या 'तू फार गोड आहेस' या वळणाच्या असत आणि त्या ऐकून कोणाचे काही बिघडत नसे, सुधारतही नसे. माझ्यासाठी आलेली एकच चिठ्ठी मी ठेवली आहे. तिच्यावर नाव नव्हते. 'फी हप्त्यांनी भरायची सोय करून दिलीस आणि कोणाला सांगितले नाहीस, त्याबद्दल आभार', एवढेच लिहिले होते. हप्ते तीन-चार मुलींना दिले होते, त्यामुळे ती नेमकी कोणाची हे मला कळले नाही, आणि मी शोधही घेतला नाही.

इलिनॉय, चॅप्टर सल्लागार

मी माझे कॉलेज संपल्यावर काही वर्षांनी एका चॅप्टरची सल्लागार झाले, त्यामुळे दरवर्षी नामांकनांची पत्रे वाचते. ऑर्डर ऑफ ओमेगासारख्या संस्थेचे उदाहरण घ्या. १९५९ मध्ये मायामी विद्यापीठात सुरू झालेली ही संस्था कॅम्पसवरील ग्रीक संघटनांच्या (ग्रीक अक्षरांची नावे घेणाऱ्या सोरोरिट्या आणि मुलांच्या तशाच संघटना) सदस्यांपैकी वरच्या तीन टक्क्यांनाच प्रवेश देते. एवढ्या थोड्या जागांसाठी जी पत्रे येतात त्यांतली निम्मी एकमेकांच्या जागी ठेवली तरी फरक पडणार नाही: समर्पित, मेहनती, सदैव हसतमुख. अशी पत्रे मी परत पाठवते आणि विचारते की तिने काय केले, कधी केले, आणि ती नसती तर काय अडले असते. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर लिहिताना मुलींना घाम फुटतो. पण पत्र तेथेच बनते.

मिशिगनच्या मुलीला सांगेन की माफी पुरेशी नाही, हे कार्यकारिणीपुढे लेखी मांड. आमच्या चॅप्टरने नोकरी आणि घरच्यांची जबाबदारी यांनाही सहभागाचे गुण दिले, आणि त्यानंतरच्या पहिल्याच पुरस्कारात अशी मुलगी आली जिचे नाव अर्ध्या चॅप्टरला नीट ठाऊक नव्हते.

पुणे, माजी सदस्य

मी नव्वदच्या दशकात अमेरिकेत पदवी घेतली आणि नंतर परत आले. अनेक सोरोरिट्यांमध्ये २५, ५० आणि ७५ वर्षांच्या सदस्यत्वाचा मान असतो. माझी २५ वर्षांची पिन टपालाने आली. या गौरवासाठी काही करावे लागत नाही, फक्त सदस्य राहावे लागते, आणि माझ्या काळच्या ज्या मुलींना कॉलेजात कधी कोणता मान मिळाला नव्हता त्यांनाही ती आली याचा मला जास्त आनंद झाला. अडचण वेगळीच निघाली. आमचा नियम असा की पिन औपचारिक पोशाखावर, डाव्या बाजूला, हृदयाच्या वर लावायची. साडीत तेथे पदर येतो. ब्लाउजला लावली तर झाकली जाते, पदराला लावली तर रेशमाला भोक पडते. मुख्यालयाला ईमेल करून विचारले; चार दिवसांनी उत्तर आले की आजवर हा प्रश्न कोणी विचारलेला नाही, आपण योग्य वाटेल तसे करावे.