मदत हवी आहे (२०२१, कोरोनाच्या काळातली पोस्ट): दुसरीतलं लेकरू वाचायचं विसरायलंय, घरात सासूबाई आजारी

आम्ही परळी तालुक्यातल्या खेड्यात राहतो. मोठी पोरगी सहावीत, कोरोनामुळं बंद असलेली तिची शाळा २७ जानेवारी २०२१ पासून सुरू झाली पण पहिली ते चौथी अजून बंदच, म्हणून दुसरीतलं बारकं घरीच आहे, काना-मात्रा वाचतंय पण जोडाक्षर आलं की अडकतंय अन् रडतंय, बघवत नाही. फोन एकच, तो दिवसभर मालकांसंगं वावरात. अभ्यासाचं दीक्षा ॲप टाकून बघितलं, रेंजच नाही. टीव्हीवर सह्याद्रीला टिलीमिली हा अभ्यासाचा कार्यक्रम लावायचो तर ऐन टायमाला लाईट जायची. बालभारतीचं पुस्तक घेऊन रोज रात्री अर्धा तास मीच बसवते.

आता गल्लीतली पाच लेकरं संध्याकाळी अंगणात लिंबाखाली बसवावी म्हणतेय, बारावी झालेली पुतणी शिकवायला तयार आहे. मास्क, साबणानं हात धुणं, लांब बसणं जमेल, सर्दी-ताप असला तर त्या दिवशी यायचं नाही हे पण सांगितलंय. पण सासूबाईंना शुगर अन् दमा, लेकरं त्यांच्यापाशीच झोपतात, दुसरी खोली नाही.

तर फोनशिवाय जोडाक्षरं कशी पक्की करून घ्यावी? अन् लेकरं बाहेरून आल्यावर सासूबाईंना जपायला एका खोलीच्या घरात तुम्ही नेमकं काय काय पाळता?