देवबागचं होमस्टे, टीम तीन ठिकाणी: डबल बुकिंग कसं टाळायचं?

सुरंगी_मालवण:
चार खोल्या. घर भाऊ सांभाळतो, बुकिंग पुण्यातून बहीण बघते, इन्स्टाग्राम दुबईतून चालतं. दोन बुकिंग पोर्टलं आयकॅलने (कॅलेंडरच्या लिंकने) जोडलीत, तरी लाँग वीकेंडला एकच खोली दोघांना जाते. चॅनल मॅनेजर (सगळ्या पोर्टलांची कॅलेंडरं एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) घ्यावा का? आणि व्हॉट्सॲपचा नंबर तिघांना मिळून वापरता येतो का?

घाटमाथा:
आयकॅलमध्ये एक पोर्टल दुसऱ्याचं कॅलेंडर ठरावीक वेळाने ओढून घेतं. मध्ये दोन-तीन तासही जातात, आणि लाँग वीकेंडला तेवढे पुरतात. चॅनल मॅनेजर थेट जोडलेला असतो, बुकिंग पडताच बाकीकडे तारीख बंद. पण चार खोल्यांना त्याचं बारमाही भाडं जड जातं. आधी खोल्या वाटून टाका: दोन एका पोर्टलवर, एक दुसऱ्यावर, चौथी फोनवाल्यांना आणि दारात येणाऱ्यांना. खोली एकाच ठिकाणी विकायला असली की भिडणार कशाशी?

पाट_परुळे:
वाटणी बरोबर, पण बरेचदा घोळ पोर्टलचा नसतोच. दारात गाडी लागते, घरातला माणूस "या, बसा" म्हणतो आणि पुण्याला पत्ताच नसतो. म्हणून कॅलेंडरला हात एकट्या बहिणीने लावायचा. भावाने चावी द्यायच्या आधी तिला फोन करायचा, मेसेज नाही. फोन लागला नाही तर चौथी खोली सोडून काही द्यायचं नाही.

फोनवरच्या होकाराला 30 मिनिटं. तेवढ्यात निम्मे पैसे आले नाहीत की खोली मोकळी. यूपीआयचा स्क्रीनशॉट धरू नका, तो बनवता येतो. रक्कम खात्यात दिसली पाहिजे. तेव्हा बँकेचे मेसेज येणारा फोन बहिणीकडेच हवा.

व्हॉट्सॲप बिझनेसला मुख्य फोनशिवाय 4 उपकरणं जोडता येतात. मुख्य फोन 14 दिवस उघडलाच नाही तर जोडण्या तुटतात. चॅटला लेबलं लावा: चौकशी, राखून ठेवली, पैसे आले. नाहीतर एकाच पाहुण्याला दोघं दोन भाव सांगतात. दुबई दीड तास मागे, रात्री दहानंतरच्या चौकश्या तिकडे द्या.

सुरंगी_मालवण:
आणि पावसाळ्यात?

घाटमाथा:
स्कूबा आणि किल्ल्याची होडी तेव्हा बंद. मे संपायच्या आत ते फोटो मागे टाका आणि 'बंद आहे' हे बुकिंगच्या मेसेजमध्येच लिहा, नाहीतर रिव्ह्यूत बोंब. परदेशी पाहुणा आला तर त्याची नोंद 24 तासांत ऑनलाइन करावी लागते. पासपोर्ट-व्हिसाचे फोटो भावाने आल्याआल्या काढायचे, फॉर्म पुण्यातून भरायचा.