मदत हवी आहे: अ‍ॅपल वॉचच्या एवढ्याशा स्क्रीनवर पंचांग कसं बसवू?
मंडळी, घड्याळ बाजारात यायच्या आधीच, नोव्हेंबर २०१४ मध्ये वॉचकिट (अ‍ॅपल वॉचसाठी अ‍ॅप बनवायचं साधन) आलं तेव्हापासून मी माझ्या पंचांगाच्या अ‍ॅपवर बसलोय आणि आता पार अडकलोय. पहिल्या ३८ मिमीच्या घड्याळाचा स्क्रीन २७२ बाय ३४० पिक्सेल, ४२ मिमीच्याचा ३१२ बाय ३९०, त्यात तिथी, नक्षत्र, सूर्योदय सगळं घातलं की मात्रा न् रफार वरच्या ओळीला चिकटतात. दोन्हींना वेगळी मांडणी करू का?
आणि २०१५ मध्ये घड्याळच ३४९ डॉलरपासून सुरू झालं, वर आयफोन लागणारच, एवढा खर्च करणाऱ्याला मनगटावर नुसती तिथी चालेल का? मला वाटतं चालेल, बाकीचं फोनवर बघावं. सिम्युलेटरवर (संगणकावरच्या नकली घड्याळावर) कोणी देवनागरी लावून पाहिलंय का, फॉन्ट केवढा ठेवलात ते सांगा प्लीज.