प्रतिकृती अडली म्हणजे पेशी मेलीच असे नाही

हायड्रॉक्सियुरिया या औषधाने डीएनएची प्रतिकृती (नवी नक्कल तयार होणे) थांबते आणि म्हणून पेशी लगेच मरते, असे या चर्चेत एका सदस्यांनी म्हटले आहे. कोल्हापुरात आमच्या एम.एस्सी.च्या वर्गातही हाच समज दर वर्षी डोके वर काढतो. त्यातला पूर्वार्ध बरोबर आहे, उत्तरार्ध घाईचा. हे औषध रायबोन्युक्लिओटाइड रिडक्टेज या विकराला (एन्झाइमला) रोखते, त्यामुळे डीएनएचे घटक आटतात आणि नवा धागा जोडणारे पॉलिमरेज हे विकर अडखळते. परंतु पुढे धावणारे हेलिकेज हे विकर काही काळ डीएनएचे धागे उलगडतच राहते आणि उघड्या पडलेल्या एकपदरी डीएनएवर आरपीए प्रथिनाचे आवरण चढते. हे आवरण हाच एटीआर या कायनेजसाठी (इतर प्रथिनांना फॉस्फेट जोडणाऱ्या विकरासाठी) इशारा असतो. एटीआर चेक-१ या दुसऱ्या कायनेजला कामाला लावते, आणि दूरवरची नवी प्रतिकृती-केंद्रे (डीएनएवरील प्रतिकृती सुरू होण्याच्या जागा) व पेशीविभाजन दोन्ही रोखून धरले जातात. अडलेल्या जागेशेजारची राखीव केंद्रे मात्र सुरू होऊ शकतात. पुरात शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला की पलीकडच्या गावांना दुसऱ्या बाजूने रसद पोहोचावी, तसे.

खरा धोका एटीआरच निकामी झाल्यावर उद्भवतो, याकडे चर्चेत दुर्लक्ष झाले आहे. मग केंद्रे बेसुमार सुरू होतात, पेशीतला आरपीएचा मर्यादित साठा संपतो आणि उघडे धागे ठिकठिकाणी तुटू लागतात. एटीआर रोधके कर्करोगावर तपासली जात आहेत, ती याच दुबळेपणावर बोट ठेवून.